वाचकांचे प्रश्न : कोकण किनाऱ्याने मोटारसायकलवर

दिवाळी सरली की या सदराकडे कोकणच्या किनारी रस्त्यांविषयी विचारणा करणारी पत्रे वाढू लागतात. या वेळी आलेल्या पत्रांपैकी सारख्या आशयाचे प्रश्न एकत्र करून उत्तरे दिली आहेत. पालघर-डहाणूचा किनारा येथे घेतलेला नाही. सारी चर्चा रायगडातील रेवसपासून सिंधुदुर्गातील रेडीपर्यंतच्या पट्ट्यापुरती आहे.

प्रश्न : आम्ही दोघे मित्र डिसेंबरमध्ये पुण्याहून ३५० सीसीच्या दोन मोटारसायकलींवर निघणार आहोत. हाताशी पाच दिवस आहेत. अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंतचा सगळा किनारा एवढ्या वेळात होईल का? होत नसेल तर कोणता भाग निवडावा?

उत्तर : होईल, आणि तसे करून आलेले लोक भेटतातही, मात्र वाटेत काय पाहिले असे विचारले, तर त्यांना जेट्ट्यांवरच्या रांगाच अधिक आठवतात. रेवस-रेडी सागरी महामार्गाची लांबी पाचशे किलोमीटरच्या आसपास भरते. हा आकडा पाहून दिवसाला शंभर किलोमीटर म्हणजे काहीच नाही असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु या रस्त्याला महामार्ग हे नाव असले, तरी त्याचा बराचसा भाग अजून जेमतेम दीड गाडीच्या रुंदीचा आहे आणि तो नारळी-पोफळीच्या वाड्यांमधून, दोन्ही बाजूंच्या जांभ्या दगडाच्या गडग्यांमधून वळणे घेत जातो. समोरून एसटी आली की कोणाला तरी मागे सरावे लागते, आणि तो कोणीतरी एसटीचा चालक नसतो.

दुसरे कारण खाड्यांचे. सह्याद्रीतून निघालेल्या नद्या थोडक्या अंतरात समुद्राला मिळतात आणि त्यांची मुखे रुंद खाड्यांची असतात. कुंडलिकेवर साळाव-रेवदंडा येथे पूल आहे. पण राजपुरीची खाडी, सावित्रीची बाणकोट खाडी, वाशिष्ठीची दाभोळ खाडी आणि शास्त्री नदीची जयगड खाडी या चार ठिकाणी किनारा न सोडता पुढे जायचे, तर अजूनही फेरीबोटीचाच आधार आहे. दोन खाड्यांच्या मध्ये रस्ता प्रत्येक वेळी किनाऱ्यावरून डोंगर चढतो, वर सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्याच्या सपाटीवर येतो, काही अंतर उघड्या कातळावरून जातो आणि पुन्हा पुढच्या गावात उतरतो. या चढ-उतारांमुळे ताशी तीस किलोमीटरची सरासरी मिळाली तरी समाधान मानावे. किनाऱ्याने जायचे असेल, तर दिवसाला ८० ते १०० किलोमीटरहून अधिक बेत आखू नये, आणि एका दिवसात दोन खाड्या ओलांडायच्या असतील, तर त्याहूनही कमी.

म्हणून माझा सल्ला असा, की पाच दिवसांत हर्णै ते रेवदंडा एवढाच पट्टा करावा, आणि तोही दक्षिणेकडून उत्तरेकडे. बहुतेक जण अलिबागहून खाली निघतात. त्यात काही चूक नाही, पण आपण रस्त्याच्या डाव्या बाजूने गाडी चालवतो आणि दक्षिणेकडे जाताना समुद्र उजवीकडे, म्हणजे समोरून येणाऱ्या वाहनांच्या पलीकडे राहतो. उत्तरेकडे येताना तो आपल्या हाताशी असतो. मनात आले की रस्ता न ओलांडता गाडी कडेला घेता येते. शिवाय हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असल्यामुळे दिवसभर तो पाठीशी राहतो. हेल्मेटच्या काचेवर दुपारभर ऊन घेऊन ज्यांनी गाडी चालवली आहे, त्यांना या गोष्टीचे मोल वेगळे सांगायला नको.

पहिल्या दिवशी ताम्हिणी घाटाने माणगाव, तेथून मुंबई-गोवा महामार्गाने महाड, पोलादपूर, खेड आणि दापोलीमार्गे मुरूड, कर्दे किंवा हर्णै येथे मुक्काम करावा. (हे मुरूड दापोली तालुक्यातले, महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे गाव, जंजिऱ्याचे मुरूड निराळे. निवासाची नोंदणी करताना या दोन गावांची गल्लत करणारे दर वर्षी निघतात.) हर्णैच्या बंदरावर मासळीचा लिलाव भरतो आणि समोर समुद्रात सुवर्णदुर्ग दिसतो. २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत मराठ्यांचे जे १२ किल्ले गेले, त्यांतला हा एक.

दुसऱ्या दिवशी आंजर्ल्याच्या खाडीवरचा पूल ओलांडून कड्यावरचा गणपती, मग पाडले, आडे, केळशी असे करीत वेळासला यावे. आंजर्ल्याहून आड्याकडे जाणारा रस्ता समुद्राला इतका लगटून जातो, की भरतीच्या वेळी वाऱ्याबरोबर खारे तुषार अंगावर येतात. वेळास हे नाना फडणवीसांचे गाव, आणि आता ते ओळखले जाते ऑलिव्ह रिडले कासवांमुळे. पिल्ले समुद्रात सोडण्याचा काळ साधारण फेब्रुवारी अखेरपासून एप्रिलपर्यंतचा असल्याने डिसेंबरमध्ये ती दिसणार नाहीत. पण घरगुती निवासाची सोय तेथे चांगली आहे आणि गाव शांत आहे.

तिसऱ्या दिवशी बाणकोटचा किल्ला पाहून वेसवीहून बागमांडल्याला फेरीबोटीने उतरावे, हरिहरेश्वर करावे आणि श्रीवर्धनवरून संध्याकाळच्या बेताने दिवेआगरला पोचावे. चौथ्या दिवशी दिघीहून आगरदांड्याला दुसरी फेरीबोट, राजपुरीहून शिडाच्या होडीने जंजिरा, मग नांदगाव, काशीद. पाचव्या दिवशी कोर्लईचा किल्ला आणि रेवदंड्याच्या कोटाच्या आतून जाणारा रस्ता पाहून अलिबाग, पेण, खोपोलीमार्गे घर गाठावे. कोर्लईत थोडा वेळ काढून थांबावे; गावातील काही कुटुंबे अजून पोर्तुगीज आणि मराठी यांच्या मिश्रणातून तयार झालेली स्वतःची बोली बोलतात.

कोठे कंटाळा आला किंवा वेळ चुकली, तर श्रीवर्धनहून म्हसळामार्गे माणगावला बाहेर पडून एक दिवस आधी परतता येते. ही पळवाट हाताशी असणे हेसुद्धा हा पट्टा निवडण्याचे एक कारण आहे.

प्रश्न : समुद्राच्या अगदी काठाने जाणारे रस्ते म्हणून शेखाडी आणि आरे-वारे या दोहोंची नावे नेहमी ऐकू येतात. दोन्हींपैकी एकच करायचा झाला तर कोणता?

उत्तर : गाडी चालवण्याचा आनंद हवा असेल तर शेखाडी, आणि थांबून पाहण्याचा हवा असेल तर आरे-वारे.

शेखाडीचा रस्ता श्रीवर्धन आणि दिवेआगर यांच्या मध्ये, आरावी, कोंडिवली, शेखाडी, भरडखोल अशा गावांवरून जातो. डोंगराचा पायथा आणि समुद्र यांच्यामध्ये जेवढी जागा उरली, तेवढ्यातच तो बसवलेला आहे. डाव्या हाताला काळ्या खडकांवर पाणी फुटत असते, उजवीकडे डोंगर, आणि मधूनच एखादी लहानशी पुळण येते, जिच्यावर बहुधा कोणीही नसते. चढ फार नाहीत, वळणे लांब आहेत, त्यामुळे तिसऱ्या गिअरमध्ये एका लयीत गाडी चालत राहते. कोकणच्या रस्त्यांवर हे सुख दुर्मीळ आहे. सूर्यास्ताच्या दीड-दोन तास आधी श्रीवर्धन सोडावे, म्हणजे सावकाश थांबत गेले तरी भरडखोलच्या होड्या उजेडात दिसतात. दोन गोष्टींचे भान मात्र ठेवावे. उधाणाच्या भरतीत लाटा काही ठिकाणी रस्त्यावर वाळू आणि गोटे आणून टाकतात व ते नेमके वळणाच्या आतल्या बाजूला साचतात. आणि संध्याकाळी तापलेल्या डांबरावर गुरे येऊन बसतात. गुरे उठतील या भरवशावर राहू नये, ती उठत नाहीत.

आरे-वारे रत्नागिरी आणि गणपतीपुळे यांच्या मध्ये आहे. निवळीमार्गे जाणारा मोठा रस्ता घेतला तर अंतर जवळजवळ दुप्पट पडते, तरी अनेक जण सवयीने तिकडूनच जातात. किनारी रस्त्याने डोंगराच्या कडेने चढत गेले, की एका वळणावर खाली आरे आणि वारे या दोन गावांचे किनारे एकदम नजरेत येतात. मध्ये खाडीचे मुख, मागे सुरूचे बन. हे दृश्य इतके अकस्मात समोर येते, की पुढची गाडी रस्त्याच्या मधोमध थांबते आणि मागची तिच्यावर जाऊन आदळायची वेळ येते. मोटारसायकल वळणाच्या पुरेशी आधी, सरळ भागात, डांबराच्या पूर्ण बाहेर लावावी आणि चार पावले चालत यावे. सुट्टीच्या दिवशी येथे गर्दी असते. सकाळी आठच्या आत गेल्यास रस्ता बहुतांशी आपला असतो.

प्रश्न : माझी मोटारसायकल सुमारे १९० किलो वजनाची आहे आणि फेरीबोटीवर गाडी चढवण्याचा अनुभव नाही. काय काळजी घ्यावी? जेट्टी टाळून रस्त्याने वळसा घालणे योग्य ठरेल का?

उत्तर : वळसा घालू नये. दाभोळहून समोरच्या धोपाव्याला जाण्यासाठी फेरीबोटीला काही मिनिटे लागतात, तर तेच अंतर दापोली, चिपळूणमार्गे रस्त्याने शंभर किलोमीटरच्या पुढे जाते. शिवाय खाडीतून दिसणारा किनारा रस्त्यावरून कधीच दिसत नाही.

या बोटींना काही ठिकाणी जंगलजेट्टी असेही म्हणतात. वाट विचारताना हा शब्द कामी येतो. गाडीचे आणि माणसांचे तिकीट निराळे असते. सुटे पैसे जवळ ठेवावेत, कारण खाडीकाठी मोबाइलला रेंज असेलच असे नाही. शेवटची फेरी किती वाजता सुटते, हे आदल्या मुक्कामीच विचारून घ्यावे आणि तिच्या आधीची फेरी हीच आपली शेवटची असे समजून निघावे.

अडचण असते ती उताराची. भरतीच्या वेळी बोटीचा लोखंडी पाटा जेट्टीच्या उतारावर जवळजवळ सपाट टेकतो. ओहोटीच्या वेळी बोट खाली जाते, उताराचा एरवी पाण्याखाली असणारा भाग उघडा पडतो आणि त्यावर हिरवे शेवाळ असते. या शेवाळावर पुढचा ब्रेक दाबला की चाक सरकलेच म्हणून समजावे. मागे बसलेल्या माणसाला वरच उतरवावे. गाडी पहिल्या गिअरमध्ये घालून, हँडल सरळ ठेवून, वेग इंजिनावरच रोखत आणि मागचा ब्रेक हलकेच वापरत खाली न्यावी. समोरच्या वाहनाचे चाक बोटीवर टेकेपर्यंत आपण उतारावर पाऊलही टाकू नये, कारण मध्येच थांबावे लागले, तर जड गाडी एका पायावर सावरणे अवघड जाते. पाट्याच्या आणि काँक्रीटच्या सांध्यात फट असते. ती तिरकी न ओलांडता काटकोनात ओलांडावी.

बोटीवर आल्यावर कर्मचारी जागा दाखवतील तेथे गाडी लावावी, पहिल्या गिअरमध्येच बंद करावी आणि पुढच्या ब्रेकचा दांडा रबरी पट्ट्याने किंवा दोरीने मुठीशी आवळून ठेवावा. ओल्या लोखंडावर बाजूचे स्टँड घसरते, म्हणून गाडीजवळच उभे राहणे बरे. छायाचित्रे काढण्यासाठी वर जायचे असेल, तर दोघांनी आळीपाळीने जावे.

प्रश्न : आम्ही दोघी बहिणी कोल्हापूरहून ११० सीसीच्या स्कूटरवर तीन-चार दिवसांसाठी येऊ इच्छितो. स्कूटरवर हा प्रवास जमेल का, आणि कोणता मार्ग घ्यावा?

उत्तर : निश्चित जमेल. किंबहुना वाडीतल्या अरुंद वाटांवर आणि जेट्टीवर हलकी स्कूटर मोठ्या मोटारसायकलीपेक्षा सोपी पडते. तिच्या दोन उणिवा तेवढ्या ध्यानात घ्याव्यात. चाके लहान असल्याने खड्डा तिला मोठा लागतो. आणि घाट उतरताना इंजिनाचा जो रोध मोटारसायकलीला मिळतो, तो स्कूटरला फारसा मिळत नाही, त्यामुळे सारा भार ब्रेकवर येतो. सतत ब्रेक दाबून धरल्यास तो तापून सैल लागू लागतो. आंबा घाट उतरताना थोडा वेळ दाबून वेग पुरता कमी करावा, सोडावा, पुन्हा दाबावा. मध्ये एखाद्या रुंद जागी दहा मिनिटे थांबून ब्रेक निवू द्यावेत. पेट्रोल पंप मुख्यतः तालुक्याच्या गावी असल्याने आणि स्कूटरची टाकी पाच-सहा लिटरची असल्याने अर्धी टाकी झाली की भरून घ्यावी.

कोल्हापूर, आंबा घाट, रत्नागिरी हा पहिला दिवस. रत्नदुर्गावरून सूर्यास्त पाहता येतो आणि थिबा राजवाडा वाटेत आहे. दुसऱ्या दिवशी आरे-वारेमार्गे गणपतीपुळे, त्याला लागूनच केशवसुतांचे जन्मगाव मालगुंड, पुढे जयगडचा किल्ला आणि कऱ्हाटेश्वर. कऱ्हाटेश्वराचे देऊळ थेट समुद्रावरच्या कड्याशी आहे आणि पायऱ्या उतरून खाली खडकांपर्यंत जाता येते. गणपतीपुळ्याला आलेल्या गर्दीतले फार थोडे लोक येथवर पोचतात. जयगडहून फेरीबोटीने तवसाळला उतरल्यावर हेदवी, वेळणेश्वर, पालशेत, गुहागर असा पट्टा लागतो. माझ्या मते मुक्काम वेळणेश्वर किंवा गुहागर येथे करावा आणि तो दोन रात्रींचा असावा. गुहागरचा किनारा लांबलचक आहे, त्याला समांतर जाणारा गावातला रस्ता दुतर्फा वाड्यांनी झाकलेला आहे, आणि त्या सावलीतून सकाळी सावकाश स्कूटर चालवणे हीच तेथली मोठी करमणूक आहे.

हेदवीला दशभुज गणेशाच्या दर्शनाला सगळे जातात. समुद्राकाठची बामणघळ मात्र वेळ साधली तरच पाहण्यासारखी असते. खडकाला पडलेल्या अरुंद भेगेत भरतीचे पाणी शिरते आणि मागे जागा न उरल्याने कारंज्यासारखे उंच उसळते. ओहोटीला तेथे नुसती भेग दिसते. भरतीची वेळ काढण्याची किनाऱ्यावरची जुनी रीत सोपी आहे. त्या दिवशीची तिथी घ्यावी आणि तिची पाऊणपट करावी. पंचमी असेल तर पाचाची पाऊणपट पावणेचार. म्हणजे पहाटे व दुपारी पावणेचारच्या सुमारास पूर्ण भरती आणि तिच्यापासून सव्वासहा तासांवर, दहाच्या आसपास, पूर्ण ओहोटी. शुद्ध आणि वद्य पक्षाला हिशेब एकच. मुंबई-रायगडच्या किनाऱ्याला हे गणित चांगले जुळते, तर दक्षिणेकडे भरती थोडी आधी येते. म्हणून हेदवीला पौर्णिमा किंवा अमावस्येच्या आसपास जात असाल, तर सकाळी अकराच्या सुमारास पोचावे. घळीच्या तोंडाशी उभे राहू नये, खडक ओले आणि निसरडे असतात.

(हाच हिशेब उलट बाजूने अलिबागच्या कुलाबा किल्ल्यासाठी आणि हरिहरेश्वरच्या प्रदक्षिणेसाठी लागतो, तेथे ओहोटी हवी. प्रदक्षिणेची वाट पायऱ्या उतरून लाटांच्या पट्ट्यातल्या खडकांवर येते आणि भरतीत तेथे माणसे वाहून गेलेली आहेत. पुजारी किंवा रखवालदार नको म्हणत असेल, तर त्याचे ऐकावे.)

परतताना गुहागर, चिपळूण, कुंभार्ली घाट, पाटण, कऱ्हाड असा रस्ता धरल्यास आलेल्या वाटेने पुन्हा जावे लागत नाही. हेल्मेट मागे बसणारीनेही घालायचे आहे. कायद्याने ते दोघींना सक्तीचे आहे, आणि आतल्या रस्त्यावर कोण पाहणार, हा विचार चिऱ्याच्या खाणींवरून येणारे भरलेले ट्रक पाहिल्यावर टिकत नाही.

प्रश्न : रत्नागिरीच्या खाली मालवणपर्यंत किनाऱ्याने जाता येते का? तेथेही फेरीबोटी आहेत का?

उत्तर : येथे सर्व खाड्यांवर पूल आहेत, त्यामुळे बोटीचे वेळापत्रक सांभाळावे लागत नाही, मात्र काही खाड्यांना आत वळसा पडतो. भाट्याच्या पुलावरून पावस, पुढे पूर्णगड. तेथील मुचकुंदीवरच्या पुलावर गाडीचा वेग कमी करावा, कारण एका बाजूला गावखडीचा सुरूच्या बनाचा किनारा आणि दुसऱ्या बाजूला आत शिरलेली खाडी, असे दोन्ही एकाच वेळी दिसते. मग कशेळीचा कनकादित्य, आडिवऱ्याची महाकाली, नाटे, जैतापूर असे करीत विजयदुर्ग.

या पट्ट्याचे खरे वैशिष्ट्य किनाऱ्यापेक्षा सड्यावर आहे. डिसेंबरनंतर गवत वाळून पिवळे झालेले असते, जांभा उघडा पडलेला असतो आणि रस्ता त्यावरून मैलोगणती सरळ जातो. याच कातळांवर प्राचीन कातळशिल्पे कोरलेली आहेत, ज्यांचा समावेश २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य वारसास्थळांच्या यादीत झाला. कशेळीच्या सड्यावर हत्तीची एक भव्य आकृती आहे, जिच्या पोटात इतर अनेक लहान प्राणी कोरलेले आहेत. उभ्या उन्हात रेषा दिसत नाहीत. सकाळी किंवा ऊन उतरल्यावर, किरण तिरपे पडताना, त्या सावलीने उठून येतात. गाडी रस्त्यावरच ठेवावी आणि चालत जावे, कारण कातळावर चाके नेल्याने ही चित्रे झिजतात, आणि कोरीव भागावर पाय देऊ नये, हे वेगळे सांगायला नको.

विजयदुर्गाहून गिर्ये, देवगड आणि तारामुंबरी-मिठमुंबरीचा पूल ओलांडून कुणकेश्वर हा टप्पा लहान आणि सुरेख आहे. पुढे आचरा आणि मालवण. सिंधुदुर्ग किल्ल्यासाठी सकाळची पहिली होडी धरावी. देवबागपर्यंत जरूर जावे. एका बाजूला कर्ली नदी आणि दुसऱ्या बाजूला समुद्र अशा चिंचोळ्या पट्टीवरून रस्ता टोकापर्यंत जातो आणि तेथेच संपतो, म्हणून आले त्याच वाटेने परतावे लागते. वेळ उरल्यास कर्ली ओलांडून परुळे, भोगवे, निवती हा भाग करावा. तेथे वाटा अरुंद आणि उतार तीव्र आहेत. मालवणात गर्दीचा त्रास झालेल्याला येथे बरे वाटेल.

प्रश्न : पावसाळ्यात येणे कितपत शहाणपणाचे आहे?

उत्तर : किनाऱ्यासाठी येऊ नये. जंजिरा आणि सिंधुदुर्गाच्या होड्या पावसाळ्यात बंद असतात, खाडीतल्या फेऱ्या हवामानावर अवलंबून राहतात आणि वरंध किंवा ताम्हिणीसारख्या घाटांत दरडी कोसळतात. सड्यावरची फुले पाहायची असतील, तर ऑगस्ट अखेर किंवा सप्टेंबरात पावसाने उघडीप दिल्यावर यावे, पण गणेशोत्सवाच्या आधीचे दोन-तीन दिवस महामार्ग टाळावा, कारण तेव्हा सारी मुंबई गावी निघालेली असते. नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ सर्वांत चांगला. त्यातून नाताळ ते नववर्ष हा आठवडा वगळावा. शिमग्यात आल्यास पालख्या रस्त्यावर असतात. इंजिन बंद करून बाजूला उभे राहावे आणि पालखी नाचताना पाहावी. तो अडथळा मानू नये.

प्रश्न : किनाऱ्यावरच्या ओल्या, घट्ट वाळूवर मोटारसायकल चालवता येते असे मित्र म्हणतात. ते खरे आहे का?

उत्तर : काही किनाऱ्यांवर वाळू घट्ट असते हे खरे, आणि तरीही चालवू नये. अनेक किनाऱ्यांवर वाहनांना बंदी आहे, कासवे अंडी घालतात ती वाळूही हीच, आणि भरती चढू लागल्यावर रुतलेली गाडी काढायला मिळणारा वेळ अगदी थोडा असतो. चार चाकांच्या गाड्यांची अशी फजिती प्रत्येक हंगामात होते.

प्रश्न : किनाऱ्यावरून परतल्यावर माझ्या गाडीच्या साखळीला आणि नटबोल्टांना गंज चढला. हे कसे टाळावे?

उत्तर : गंज परतल्यावर धरत नाही, तो मुक्कामातच धरतो. खाऱ्या हवेतला ओलावा रात्री गाडीवर बसतो आणि त्यात रस्त्यावरची वाळू चिकटते. म्हणून निवास निवडताना गाडी छपराखाली आणि शक्यतो समुद्राच्या विरुद्ध बाजूला लावता येईल का, हे विचारावे. वाडीच्या आतल्या घरांत ही सोय सहसा असते. गाडीवर प्लास्टिकचे आवरण घालू नये, ते ओलावा आत कोंडून ठेवते.

रोज संध्याकाळी गाडी निवल्यावर एक-दोन बादल्या गोडे पाणी वरून हळूच ओतावे. दाबाने मारलेले पाणी चाकाच्या बेअरिंगमध्ये आणि विजेच्या जोडण्यांत मीठ ढकलते, तेव्हा नळी टाळावी. विहिरीचे पाणी वापरण्याआधी चाखून पाहावे, कारण किनाऱ्यालगतच्या काही विहिरींचे पाणी उन्हाळ्याकडे मचूळ होते आणि त्याने धुऊन उपयोग नाही. साखळी फडक्याने कोरडी करून तिला आतल्या बाजूने वंगण लावावे आणि ते रात्रभर मुरू द्यावे. सकाळी निघण्याच्या क्षणी लावलेले वंगण पहिल्या दहा किलोमीटरमध्येच मागच्या चाकावर उडते. सकाळी डिस्कवर तांबूस थर दिसला तर घाबरू नये, दोन-तीन वेळा ब्रेक दाबल्यावर तो निघून जातो. मात्र घाट सुरू होण्यापूर्वी, सपाट रस्त्यावरच तसे करून घ्यावे. घरी परतल्यावर पहिल्या दोन दिवसांत गाडी गॅरेजमध्ये द्यावी आणि नुसती धुऊन न घेता चाके काढून ब्रेकच्या पिना साफ करून ग्रीस लावायला सांगावे, कारण मीठ तेथेच अडकून राहते आणि बाहेरून दिसत नाही.